कोपराच्या अलीकडे एक बोट

फेब्रुवारीतल्या एका पहाटे टेक्ससच्या लेक फोर्क तळ्यावर बोट पाण्यात सोडण्यासाठी रांगेत उभा होतो. पुढच्या ट्रकमधून उतरलेला एक म्हातारा मागे आला, माझ्या बोटीत आडवा ठेवलेला मासे पकडायचा नवा रॉड त्याने न विचारता उचलला, रीळ तळहातात धरून हवेत एक झटका देऊन पाहिला आणि मग माझा उजवा हात ओढून रॉडच्या मुठीचा मागचा भाग माझ्या कोपरापाशी लावला. मूठ कोपराच्या बाहेर चांगली तीन बोटे गेली होती. "हा तुझ्यापेक्षा उंच माणसाचा रॉड आहे," एवढेच तो म्हणाला, रॉड होता तसा ठेवला आणि स्वतःचा ट्रेलर मागे घ्यायला निघून गेला. तो रॉड मी नुकताच घेतला होता, चांगले पैसे मोजून, दुकानाच्या भिंतीवरचे बरेच रॉड हातात तोलून पाहिल्यावर. म्हाताऱ्याचे बोलणे मनाला लागावे असे काही नव्हते. तरीही त्या दिवशी पाण्यावर प्रत्येक फेकीला मुठीचे टोक लाइफ जॅकेटच्या पट्ट्याला घासते आहे, हे मला पहिल्यांदा जाणवले आणि एकदा जाणवल्यावर ते डोक्यातून जाईना.

अमेरिकेत बास हा गोड्या पाण्यातला मासा पकडण्याच्या रॉडवर, मुठीच्या जरा पुढे, बारीक अक्षरांत बरेच काही छापलेले असते. सात फूट, मीडियम हेवी, फास्ट, दोरी १२ ते २० पौंड, आमिष पाव ते पाऊण औंस. नवख्याला वाटते, की हे सगळे कुठल्यातरी एका प्रमाणाने ठरलेले असेल. तसे ते नसते. पॉवर म्हणजे रॉड वाकवायला किती जोर लागतो आणि ॲक्शन म्हणजे तो कुठे वाकतो, हे सर्वांना मान्य आहे. पण एका कंपनीचा मीडियम हेवी दुसऱ्या कंपनीच्या हेवीला भारी पडतो, आणि कोणाचा फास्ट शेंड्याच्या वीतभरात वाकतो तर कोणाचा जवळजवळ मध्यापर्यंत कमान घेतो. म्हणून जुने लोक छापील अक्षरे वाचत बसत नाहीत. ते रॉडचा शेंडा दुकानातल्या गालिच्यावर हलकेच टेकवतात, दाबतात, आणि काय ते ठरवतात. दुकानदारही काही म्हणत नाही.

कोपराचे माप मात्र कुठल्याच रॉडवर छापलेले नसते.

हे माप मला ओळखीचे होते आणि म्हणूनच ते इतके खटकले असावे. मालवणजवळ, कर्लीच्या खाडीकाठी माझ्या मामाचे घर होते. मामा मासेमारीवर जगणारा नव्हता, पण भरतीची वेळ पंचांगाइतकीच पाठ असलेला माणूस होता. त्याच्याकडे आम्ही भाचरे मे महिन्यात गेलो, की पहिल्या दिवशी काठीसाठी हट्ट धरत असू आणि त्याचे उत्तर ठरलेले असे: "आधी हात दाखय, मगे काठी बघुया." मग तो आमची मूठ, मनगट, कोपर स्वतःच्या वितीने मोजायचा आणि परसातल्या माणग्याच्या बेटाकडे बघत उभा राहायचा. माणगा हा आमच्याकडचा बांबू आतून जवळजवळ भरीव असतो, त्यामुळे बारीक काठीसुद्धा मोठ्या माशाचा हिसका सोसते. काठी कृष्णपक्षात तोडायची म्हणजे भुंगा लागत नाही, ही त्याची श्रद्धा. तोडलेली काठी महिनोन्‌महिने चुलीवरच्या माळ्यावर धुरात पडून असे, म्हणजे आम्ही ज्या काठ्या वापरायचो त्या आदल्या वर्षीच्या मापाच्या असत आणि एव्हाना आमचे हात वाढलेले असत. मामा मग मागचे टोक कोयत्याने नव्हे, करवतीने कापून किंवा सुतळीचे वेढे पुढे सरकवून काठी पुन्हा हाताला बसवायचा. कोपराच्या अलीकडे एक बोट, असा त्याचा हिशेब होता. तो त्याने कुठून घेतला होता कोण जाणे. टेक्ससमधल्या म्हाताऱ्यानेही माप नेमके त्याच कोपरापाशी घेतले.

बांबूचे आणि अमेरिकन रॉडचे नाते मी समजत होतो त्यापेक्षा बरेच जुने निघाले. पेनसिल्व्हेनियातल्या ईस्टन गावच्या सॅम्युएल फिलिपे या बंदूक बनवणाऱ्या कारागिराने १८४०च्या दशकात बांबूच्या चिरफळ्या चिकटवून रॉडचे भाग बनवायला सुरुवात केली आणि पुढे मेन राज्यातल्या हायरम लिओनार्डने सहा त्रिकोणी पट्ट्यांचा षट्कोनी रॉड बाजारात रुळवला. त्या काळी वापरात होता तो कलकत्त्याहून जहाजाने येणारा बांबू. त्याच्यावर जागोजाग भाजल्याचे काळे डाग असायचे आणि डाग टाळून सलग पट्टी काढणे ही कारागिराची डोकेदुखी होती. नंतर चीनच्या दक्षिणेकडचा टोंकिन बांबू आला, तो सरळ, लांब पेरांचा आणि दाट तंतूंचा असल्याने कलकत्त्याचा बांबू मागे पडला. १९५०मध्ये चीनशी व्यापार बंद झाल्यावर तोही मिळेना, पण तोवर काचतंतूचे रॉड तयार झालेच होते. १९७३मध्ये फेनविक कंपनीने ग्रॅफाइटचा, म्हणजे कार्बनच्या तंतूंचा, रॉड आणला आणि आजचे बहुतेक रॉड त्या वाटेने चालले आहेत. मला या इतिहासात एक गोष्ट गमतीची वाटते. आपल्या बंदरातून गेलेला बांबू तिकडे तासून, चिकटवून, वार्निश लावून कित्येक तासांच्या मेहनतीने रॉड होत असताना इकडे मामासारखी माणसे परसातला बांबू धुरात टाकून मोकळी होत होती, आणि मासा दोघांनाही मिळत होता.

लांबीचा वादही असाच जुना. कॅलिफोर्नियात डी थॉमस नावाचा मच्छीमार पाणवनस्पतींच्या दाट जाळीत अगदी जवळून, लांबलचक काठीने आमिष सोडायचा. इतरांनी तक्रार केली, स्पर्धांत काठीच्या लांबीवर मर्यादा आली. तेव्हा त्याने आखूड केलेल्या रॉडने तेच काम करण्याची पद्धत बसवली, हातात दोरीचा पदर धरून लंबकासारखे आमिष झुलवत आवाज न करता पाण्यात सोडायचे. १९७५मध्ये आर्कान्सातल्या बुल शोल्स तलावावरची मोठी स्पर्धा त्याने याच पद्धतीने जिंकली आणि फ्लिपिंग हा शब्द देशभर झाला. या पद्धतीत फेक दोन्ही हातांची नसते, मनगटाची असते आणि मनगट मोकळे राहायचे तर मूठ कोपराआधी संपली पाहिजे. उलट उघड्या पाण्यात जड आमिष साठ-सत्तर यार्ड लांब फेकायचे तर मागचा हात लावायला लांब मूठच हवी. म्हणजे म्हाताऱ्याचे म्हणणे सरसकट खरे नव्हते; पण मी जसा मासे पकडतो, लेक फोर्कच्या बुडालेल्या झाडांत, वीस-पंचवीस फुटांच्या आत, त्यासाठी ते शंभर टक्के खरे होते.

दुकानात आणखी एक रॉड शोधण्याऐवजी मी एक ब्लँक मागवला. ब्लँक म्हणजे नुसती पोकळ ग्रॅफाइटची निमुळती नळी. तिला मूठ नाही, दोरी ओवायच्या कड्या नाहीत, नाव नाही. पहिले काम तिचा कल ओळखण्याचे. ग्रॅफाइटचे कापड साच्याभोवती गुंडाळताना एका रेषेत थर किंचित जास्त पडतात. ब्लँकचे बूड जमिनीवर टेकवून, शेंडा तळहाताने अडवून मध्ये वाकवत फिरवला, की एका जागी तो आपसूक उडी मारून बसतो. गाइडच्या कड्या या रेषेला धरून बसवायच्या, की ब्लँक डोळ्यांना जिथे सर्वांत सरळ दिसतो तिथे, यावर रॉड बनवणारे आजही भांडतात. मी सरळपणाच्या बाजूचा आहे. रीळ वर ठेवायच्या रॉडमध्ये वाकल्यावर पीळ पडतो तो या रेषेमुळे नव्हे, कड्या वरच्या बाजूला असल्यामुळे. दोरीचा ताण त्यांना खाली ओढतच असतो. हा पीळ नको असेल तर रिळापाशी वर असलेल्या कड्या हळूहळू वळवत पुढे पोटाकडे नेतात. दिसायला विचित्र दिसते, पण काम चोख करते.

मग मूठ. कॉर्कच्या वर्तुळाकार चकत्या पोर्तुगालहून आलेल्या, एकीवर एक चिकटवून तासलेल्या. रीळ बसवायची बैठक ब्लँकपेक्षा रुंद असते, ती पोकळी मास्किंग टेपचे वेढे देऊन भरतात आणि मधल्या फटींत इपॉक्सी, म्हणजे कडक होणारा गोंद, उतरू देतात. हे कायमचे बसण्याआधी मी जॅकेट घालून, घरात, खुर्चीवर उभे राहून कितीतरी फेकी केल्या. बायकोने एकदा डोकावून पाहिले आणि काही न विचारता दार लावून घेतले. शेवटी मागची मूठ पावणेनऊ इंचांवर थांबली. कोपराच्या अलीकडे एक बोट. याची किंमतही मोजावी लागली: मागचा भाग आखूड केला, की रॉडचे तोंड जड होते आणि दिवसभर शेंडा वर धरून मनगट दुखते. बुडात शिशाचे वजन घालून तोल सांभाळणारे लोक आहेत, पण मग एकूण वजन वाढते. मी त्याऐवजी शेंड्याकडच्या कड्या लहान घेतल्या. शेंड्यावर वाचवलेला एक ग्रॅम मुठीत घातलेल्या कितीतरी ग्रॅमांचे काम करतो.

कड्या बसवणे हे या कामातले सर्वांत सुखाचे प्रकरण. सात फुटांच्या रॉडला आठ कड्या आणि एक शेंड्याची, असा ढोबळ नियम. आधी त्या बारीक रबरी वेढ्यांनी नुसत्या अडकवायच्या, दोरी ओवायची, टोकाला वजन बांधून रॉड वाकवायचा आणि बाजूने पाहायचे. दोरी कुठे ब्लँकला टेकते आहे, कुठे दोन कड्यांमध्ये कोन करते आहे, ते दिसले, की कडी अर्धा इंच पुढे, पाव इंच मागे. दोरीने ब्लँकच्या कमानीची नक्कल करेपर्यंत हे चालते. कडी ब्लँकवर दोरा गुंडाळून बांधतात, म्हणून तिचा पाय कानशीने इतका पातळ करायचा, की दोरा त्यावर न अडखळता चढला पाहिजे. गुंडाळी सुरू करताना दोऱ्याने स्वतःलाच ओलांडून स्वतःखाली दबायचे असते. संपवताना आधीच आत घातलेल्या फासातून टोक ओढून घेतात आणि गाठ कुठेच राहत नाही. शेंड्याची कडी मात्र इपॉक्सीने कधीच बसवायची नाही, गरम करून वितळणाऱ्या गोंदाने बसवायची. कारण ट्रकच्या दारात शेंडा सापडायचा तो सापडतोच, आणि तेव्हा काडीच्या आचेवर ती सुटली पाहिजे. वरून दोन भागांची इपॉक्सी, अगदी समसमान मोजून. औषधाच्या दुकानातली इंजेक्शनची सिरिंज त्यासाठी चालत नाही, तिच्या रबराला लावलेले सिलिकॉन इपॉक्सीत उतरते आणि चकाकीवर माशाच्या डोळ्यांसारखे खड्डे पडतात. लेप दिल्यावर रॉड छोट्या मोटरवर कित्येक तास संथ फिरत ठेवावा लागतो, नाहीतर थेंब खाली ओघळून गोठतो. फिरणाऱ्या रॉडकडे बघत बसण्यात काही अर्थ नसतो. मी बसलो.

हा रॉड हातात आल्यावर जे बदलले त्याला संवेदना असे भारदस्त नाव देतात. टेक्सस रिग म्हणजे दोरीवर सुटे फिरणारे शिशाचे टोकदार वजन, पुढे मोठ्या बाकाचा गळ आणि गळाचे टोक रबरी किड्याच्या अंगात परत खुपसून लपवलेले, म्हणजे ते झाडाच्या फांदीत अडकत नाही. हे बुंध्यावरून ओढताना लाकूड, चिखल, शिंपले वेगवेगळे कळतात आणि बासने आमिष आत ओढले, की एक बारीक टक्‌ लागते किंवा काहीच लागत नाही, फक्त दोरी एका बाजूला चालू लागते. जड रंग, जाड इपॉक्सी, मोठ्या कड्या ही टक्‌ खाऊन टाकतात. पण या संवेदनेची जी पूजा चालते तीही मला पटत नाही. तीन टोकांच्या गळांचा, पाण्यात थरथरत पोहणारा लाकडी किंवा प्लॅस्टिकचा मासा ओढायचा असेल तेव्हा काचतंतूचा मंद, मऊ रॉड हजारपट बरा. हाताला उशिरा कळते, तेवढ्या उशिरात मासा गळ नीट तोंडात घेतो आणि उड्या मारताना बारीक गळ फाटून निघत नाहीत.

रॉडइतकेच माप बोटीचेही. इथल्या धक्क्यावर चकाकत्या रंगाच्या, अडीचशे अश्वशक्तीच्या बोटी रांगेने उभ्या असतात. माझी चपट्या बुडाची, चौकोनी नाकाची ॲल्युमिनियमची जॉन बोट त्यांच्यात सहज हरवते. तिच्यावर १४४८ असा आकडा आहे: चौदा फूट लांबी, अठ्ठेचाळीस इंच बुडाची रुंदी. मामाकडे उलांडीची होडी होती. बाजूला आडवे बांधलेले लाकूड तिला सांभाळायचे, आणि आपण कुठे बसतो त्यावरून ती क्षणात नाराजी दाखवायची. जॉन बोट आधी काहीच दाखवत नाही. ती उभे राहू देते, चालू देते, आणि म्हणूनच माणूस फसतो; वाऱ्याने लाट उठली, की तेच चपटे बूड आपटायला लागते आणि चौकोनी नाक पाणी आत घेते. वजन कुठे ठेवावे हा खरा विषय. विजेच्या मोटरला लागणारी शिशाची बॅटरी तीस किलोंच्या आसपास, ती मागे, इंजिन मागे, मी मागे, असे केले, की नाक वर उचलले जाते आणि वारा त्याला हवे तिकडे वळवतो. बॅटरी पुढे नेऊन जाड तार ओढणे आणि तारेवर साठ अँपिअरचा ब्रेकर बसवणे हे माझ्या बोटीतले सर्वांत उपयोगी काम ठरले.

विजेवर चालणारी छोटी मोटर १९३४मध्ये नॉर्थ डाकोटातल्या फार्गो गावी ओ. जी. श्मिट याने बनवली, आणि अशा बोटीसाठी तिच्याइतकी मोलाची वस्तू नाही. पंचावन्न पौंड रेट्याची मोटर पूर्ण वेगात बारा व्होल्टवर सुमारे पन्नास अँपिअर खाते. शंभर अँपिअर-तासांची शिशाची बॅटरी निम्म्याखाली उतरवायची नसेल, तर पूर्ण वेगाचा एकच तास हातात राहतो. पण झाडांत पूर्ण वेग हवा कोणाला? सावकाश चालवली तर संध्याकाळपर्यंत पुरते. झाकण आपटले, पक्कड पडली, तर ॲल्युमिनियमचे बूड ढोलासारखे वाजते, म्हणून आतून फोमचा थर चिकटवला आहे. बुडाच्या भोकाचे बूच ट्रकच्या किल्लीच्या कडीलाच अडकवून ठेवतो, म्हणजे बोट पाण्यात सोडण्याआधी ते बसवायचे विसरत नाही. जॅकेट अंगावर असते, हा भाग चर्चेचा नाही. फेब्रुवारीच्या पाण्यात पडलेला माणूस पोहायला येते की नाही हे ठरण्याआधीच दमतो.

या सगळ्याचा शेवट मासा हातात येण्यात होतो आणि तिथे माझे मन अजून एकाबाजूला झालेले नाही. लेक फोर्कवर सोळा ते चोवीस इंचांमधला बास ठेवता येत नाही, तो परत सोडायचाच. १९८०मध्ये धरण अडवताना झाडे उभी राहू दिली, तळ्यात निवडक जातीचे मासे सोडले आणि हा नियम पाळला, म्हणून १९९२च्या जानेवारीत इथे १८.१८ पौंडांचा बास मिळाला आणि तो आजही राज्याचा विक्रम आहे. पकडून सोडण्याची ही रीत देशभर रुजली ती १९७२पासून, बास पकडण्याच्या स्पर्धा भरवणाऱ्या रे स्कॉटने आपल्या स्पर्धांत मासे जिवंत सोडण्याचा आग्रह धरल्यावर. मी हात ओले करून मासा धरतो, म्हणजे अंगावरचा बुळबुळीत थर निघत नाही. मोठा असेल तर जबड्याला लोंबकळत न ठेवता पोटाखाली दुसरा हात देतो. तरीही मालवणात फोन केला, की आई म्हणते, "गावलेलो मासो परत सोडलंस? मगे गेलंस कित्याक?" आणि मला धड उत्तर देता येत नाही. खाण्यासाठी मारलेल्या माशाची वेदना मी लहानपणी कधी मोजली नाही. हौसेखातर गळ लावून सोडलेल्या माशाची मात्र मोजतो, आणि तरीही पुढच्या शनिवारी बॅटरी चार्जिंगला लावतो. सोळा इंचांखालचे दोन बास कधीतरी घरी आणतो, तिखलं करतो. आमसूल इथल्या दुकानात मिळते, त्रिफळं आईच पाठवते. त्या जेवणाला कसलाही अपराध चिकटलेला नसतो. उलट सोडलेला मोठा मासा रात्री आठवतो.

सध्या लेकीसाठी रॉड बनवायला घेतला आहे. ती बारा वर्षांची आहे, म्हणजे टेक्ससच्या कायद्याने चालत्या बोटीत तिला जॅकेट घालावेच लागते, आणि त्यावरून रोज थोडी कुरकुर होते. तिच्यासाठी वरच्या रिळाऐवजी खाली लटकणारे स्पिनिंग रीळ निवडले, कारण वरच्या रिळावर अंगठ्याचा दाब चुकला, की चाक दोरीपेक्षा वेगाने फिरते आणि असा गुंता होतो, की सकाळ त्यातच जाते. साडेसहा फूट, मीडियम, फास्ट. मूठ कॉर्कची नको, काळ्या फोमची हवी, हे तिनेच ठरवले. अडचण मापाची आहे. तिचा हात वाढतो आहे, आणि मामासारखी दरवर्षी करवत घेऊन बसण्याची सोय ग्रॅफाइटमध्ये नाही. म्हणून मागचे टोक कायमचे न चिकटवता ब्लँकमध्ये सरकणारा एक तुकडा बसवायचे चालले आहे, दर उन्हाळ्यात अर्धा इंच बाहेर ओढता येईल असा. गुंडाळीचा दोरा तिला जांभळाच हवा. नायलॉनचा जांभळा दोरा इपॉक्सीखाली काळपट पारदर्शक होतो, तसे होऊ नये म्हणून आधी रंग टिकवणाऱ्या द्रावणाचे दोन हात द्यावे लागतात. ती बाटली मंगळवारी येणार आहे, तोवर कड्यांचे पाय घासून ठेवतो.